गल्ल्यावर कोणी आहे का?

२२ जून २०२५ रोजी मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीचे मॉडेल चामड्याच्या चपला घालून चालले आणि इकडे कोल्हापुरात खळबळ उडाली. चपलांचा घाट कोल्हापुरी होता, पण कोल्हापूरचे नाव कुठेच नव्हते. ओरड झाली. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र लिहिले, प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे कंपनीने मान्य केले, जुलैत तिची माणसे कोल्हापूरला येऊन कारागिरांना भेटली. डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. त्यानुसार सुमारे २,००० जोड बनायचे, आणि एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो.

या गदारोळात एका प्रश्नाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. त्या दिवसांत जगभर ज्यांनी कुतूहलाने फोन काढून ‘कोल्हापुरी’ हा शब्द शोधला, ते पोहोचले कुठे? या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सीमेपलीकडचे चार जिल्हे मिळून आठ जिल्ह्यांची ही ठेव. तिच्यात कापशी आहे, पायताण आहे, कचकडी, बक्कलनाली, पुकरी आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले चामडे आहे. पण लंडनमधल्या माणसाला पायाचे माप कसे घ्यायचे, नवी चप्पल चावली तर तेल कधी आणि किती लावायचे, पावसात घालायची की नाही, जोड पाठवायला किती दिवस लागतील, हे बनवणाऱ्याच्या किंवा विकणाऱ्याच्या स्वतःच्या वेबसाइटवर किती ठिकाणी वाचायला मिळाले असेल? कोल्हापूरच्या चप्पल लाइन या बाजारातला दुकानदार ही सगळी उत्तरे दिवसातून पन्नास वेळा तोंडी देतो. लिहून मात्र कुठेच ठेवत नाही.

महाराष्ट्रातल्या लहान-मध्यम उद्योगाचे दुखणे इथेच आहे. वेबसाइट नाही अशी कंपनी आता शोधावी लागते. पण वेबसाइट ‘काढली’ की काम संपले, अशी समजूत घट्ट बसली आहे. दुकानाचे उद्घाटन करायचे, फीत कापायची, पाटी लावायची आणि दुसऱ्या दिवसापासून गल्ल्यावर कोणी बसायचेच नाही, असे कोणता व्यापारी करील? वेबसाइटच्या बाबतीत मात्र हेच चालते. मुखपृष्ठावर २०१९ च्या दिवाळीच्या शुभेच्छा, ‘आमच्याविषयी’ या पानावर संस्थापकांचा फोटो, ‘गुणवत्ता हाच आमचा ध्यास’ हे वाक्य, आणि संपर्काच्या पानावर नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा मोबाइल क्रमांक. आलेले गिऱ्हाईक हाक मारून मारून निघून जाते, आणि मालक म्हणतो, वेबसाइटचा धंद्याला काही उपयोग होत नाही.

उपयोग होतो. त्यासाठी वेबसाइटने गिऱ्हाइकाच्या प्रश्नांना उत्तरे दिली पाहिजेत, आणि त्या उत्तरांमागे जबाबदार माणूस बसलेला पाहिजे. बाकी रंग, हलती चित्रे, झगमगाट हे सगळे नंतरचे.

ही गोष्ट मराठी उद्योगाला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. लोखंडाने जमीन नासते, असा समज होता. नांगर उत्तम होता, कारखानदार प्रामाणिक होता, तरी माल खपत नव्हता, कारण गिऱ्हाइकाच्या मनातल्या भीतीला उत्तर मिळाले नव्हते. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि दहा वर्षांनी, १९२० मध्ये, तिथून शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. कारखान्याचे हे बातमीपत्र. कारखान्यातल्या घडामोडी, मालाची माहिती, वापरणाऱ्यांशी संवाद असे त्याचे रूप होते. पुढे तेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, आणि त्याच घरातून ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही मासिके निघाली. मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्या त्यांवर वाढल्या. अमेरिकेत जॉन डिअर या नांगराच्याच कंपनीने १८९५ मध्ये शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’ हे नियतकालिक सुरू केले होते. आज ज्याला ‘कन्टेंट मार्केटिंग’ म्हणून परिसंवादांत शिकवले जाते, ते सांगलीजवळच्या एका कारखान्याने छापखान्यावर आणि टपालावर करून दाखवले होते. आज तेच काम करायला छपाईचा खर्च नाही, टपालहशील नाही. तरीही ते होत नाही, याची खंत वाटते.

याच वाटेने जाऊन बुडता धंदा सावरल्याचे अलीकडचे उदाहरण अमेरिकेतले आहे. व्हर्जिनिया राज्यात मार्कस शेरिडन आणि त्याच्या भागीदारांची ‘रिव्हर पूल्स अँड स्पाज’ नावाची कंपनी घराच्या आवारात फायबरग्लासचे पोहण्याचे तलाव बसवून देते. २००८ च्या मंदीत लोकांनी असले खर्च थांबवले आणि कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. जाहिरातीला पैसा नव्हता. शेरिडनने एक साधी गोष्ट केली. गिऱ्हाइके इतकी वर्षे जे जे विचारत आली होती ते सगळे प्रश्न कागदावर उतरवले आणि वेबसाइटवर एकेकाचे उत्तर लिहायला घेतले. पहिल्या काही उत्तरांतच त्याने तो प्रश्न घेतला, जो या धंद्यात कोणीच उघडपणे घेत नव्हते: असा तलाव बांधायला खर्च किती येतो?

आपल्याकडेही याच प्रश्नावर गाडी अडते. भाव लिहिला तर प्रतिस्पर्ध्याला कळेल, गिऱ्हाईक बिचकेल, प्रत्येक काम वेगळे असते मग आकडा कसा सांगणार, ही सगळी कारणे शेरिडनच्या शेजारच्या व्यावसायिकांकडेही होती. त्याने एकच ठाम आकडा दिला नाही. खर्च कशाकशावर अवलंबून असतो, कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती जाऊ शकतो, आणि का, हे त्याने मोकळेपणाने समजावले. फायबरग्लासच्या तलावाचे तोटेही लिहिले. काँक्रीटचा तलाव कोणाला सोयीचा, तेही लिहिले. त्या एका लेखातून आलेल्या गिऱ्हाइकांनी लाखो डॉलरचा धंदा दिला, असे त्याने पुढे वारंवार सांगितले आहे. कंपनी तगली आणि आपल्या क्षेत्रात देशभर ओळखली जाऊ लागली. शेरिडनने या अनुभवावर लिहिलेले पुस्तक २०१७ मध्ये आले.

त्याच्या यशाचे कारण तंत्रज्ञानात शोधायला जाऊ नये. माणूस मोठी खरेदी करण्याआधी घाबरलेला असतो. आपण फसू का, जास्त पैसे जातील का, नंतर कोणी विचारील का, हे त्याच्या मनात असते. जो व्यापारी ही भीती आधीच ओळखून तिला उत्तर देतो, त्याच्याकडे माणूस वळतो.

आता हे कोकणात आणून पाहू. समजा, देवगडच्या एका बागायतदाराने हापूस थेट विकण्यासाठी वेबसाइट केली आहे. पहिल्याच पानावर समुद्र, सूर्यास्त आणि ‘फळांचा राजा’ हे शब्द आहेत. पण पुण्यातली किंवा बंगळुरूतली गृहिणी पेटी मागवण्याआधी वेगळेच विचारत असते. आंबा खरेच देवगडचा की कर्नाटकातला आणून भरलेला? कार्बाइडने पिकवलेला तर नाही? पेटीत किती डझन, एका फळाचे वजन साधारण किती? आंबा तयार येणार की कच्चा, आणि कच्चा असेल तर पेंढ्यात किती दिवस ठेवायचा? दोन-चार फळे डागी निघाली तर काय? हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे पाच जिल्हे आहेत. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यावर अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार बंदी आहे. ही माहिती त्या बागायतदाराच्या जिभेवर असते. बाग कुठल्या गावात, नोंदणीकृत वापरकर्ता म्हणून त्याचा क्रमांक काय, यंदा मोहोर कधी आला, पहिली तोड कधी, डागी फळाचे पैसे परत की बदली फळ, इतके जरी त्याने स्वतःच्या बोलीत लिहिले, बागेतले साधे फोनवर काढलेले फोटो लावले, आणि हंगाम संपल्यावर ‘यंदाचा आंबा संपला, पुढच्या वर्षी कळवू, नाव नोंदवा’ अशी एक ओळ टाकली, तरी सूर्यास्ताच्या चित्रापेक्षा शंभरपट काम होईल. नाव नोंदवलेले ते गिऱ्हाईक पुढच्या मार्चमध्ये त्याचे असेल, दलालाचे नाही.

कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्याचे गिऱ्हाईक वेगळे. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याकडे चेन्नईच्या किंवा जर्मनीच्या कंपनीचा खरेदी अधिकारी पाहत असतो. त्याला कवितेची गरज नाही. कोणत्या ग्रेडचे कास्टिंग होते, ग्रे आयर्न की एसजी आयर्न, एका नगाचे कमीत कमी आणि जास्तीत जास्त वजन किती, महिन्याला किती टन निघतात, मशीनिंग आतच होते की बाहेर, स्पेक्ट्रोमीटर आहे का, कोणती प्रमाणपत्रे चालू मुदतीची आहेत, पॅटर्न मिळाल्यापासून नमुना किती दिवसांत, या प्रश्नांवर तो दहा कारखान्यांची यादी तीनवर आणतो. ही छाननी तो आपल्या टेबलावर बसून करतो आणि गाळलेल्या सात जणांना त्याचा पत्ताही लागत नाही. अनेक कारखान्यांच्या वेबसाइटवर मात्र पिवळे हेल्मेट घातलेल्या परदेशी माणसांची विकत घेतलेली छायाचित्रे असतात. स्वतःच्या भट्टीचा, स्वतःच्या मोल्डिंग लाइनचा, स्वतःच्या कामगारांचा एकही फोटो नसतो. तीस-चाळीस वर्षांचे कसब असे झाकून ठेवायचे आणि कामे मिळत नाहीत म्हणायचे, हे थांबायला हवे.

वेगाचा मुद्दा थोडक्यात सांगून पुढे जाता येईल, कारण त्यावर वाद उरलेला नाही. मोबाइलवर पान उघडायला ३ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर ५३ टक्के भेटी तिथेच सोडून दिल्या जातात, असे गुगलने २०१६ मध्ये मांडले. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, ही गुगलची आजची कसोटी आहे. व्होडाफोनने इटलीत एका पानाची हीच वेळ ३१ टक्क्यांनी सुधारली तेव्हा विक्री ८ टक्क्यांनी वाढली. बसची तिकिटे विकणाऱ्या आपल्या रेडबसने स्पर्शाला पानाने प्रतिसाद देण्याचा वेग सुधारला आणि विक्रीत ७ टक्के वाढ नोंदवली. लहान कंपनीच्या वेबसाइटवर बहुतेक वेळा दोषी असतात ते कॅमेऱ्यातून थेट चढवलेले पाच-पाच एमबीचे फोटो. ते लहान करायला एक दुपार पुरते.

भाषेवर मात्र थांबायला हवे. नाशिकच्या ठिबक सिंचनाच्या विक्रेत्याचे गिऱ्हाईक निफाडचा द्राक्ष बागायतदार, साताऱ्याच्या दूध यंत्रांच्या विक्रेत्याचे गिऱ्हाईक फलटणचा गोठेवाला, तरी वेबसाइट फक्त इंग्रजीत, आणि तीही कोणाच्या तरी वेबसाइटवरून उतरवलेल्या इंग्रजीत. मालक मराठी, विक्रेता मराठी, गिऱ्हाईक मराठी, मग मधली पाटी परभाषेत का? इंग्रजीत असले की कंपनी मोठी दिसते, ही समजूत धंद्याचे नुकसान करते. केपीएमजी आणि गुगल यांच्या २०१७ च्या अहवालानुसार २०१६ मध्येच भारतीय भाषांतून इंटरनेट वापरणाऱ्यांची संख्या २३ कोटी ४० लाख होती, इंग्रजीतून वापरणाऱ्यांपेक्षा जास्त. स्वतःच्या भाषेतला मजकूर इंग्रजीपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतो, असे त्यातल्या ६८ टक्के लोकांनी सांगितले होते. सीएसए रिसर्च या संस्थेने २०२० मध्ये २९ देशांतल्या ८,७०९ ग्राहकांना विचारले, तेव्हा ४० टक्के म्हणाले की परभाषेतल्या वेबसाइटवरून आम्ही कधीच खरेदी करत नाही. निर्यातदाराने इंग्रजी ठेवावीच, चांगली ठेवावी. पण ज्याचा माल पंढरपूरच्या आणि परभणीच्या माणसाला घ्यायचा आहे, त्याने आधी मराठी लिहावी. यंत्रभाषांतराची कृत्रिम मराठी चालणार नाही. पंपाच्या दुकानात ‘मोटर जळाली तर गॅरंटीत बसते का’ असे विचारतात, तर प्रश्न त्याच शब्दांत लिहावा, कारण गिऱ्हाईक फोनवर बोलून शोधतानाही तेच शब्द उच्चारणार आहे. देवनागरीतले ‘डॉट भारत’ हे डोमेन २०१४ पासून उपलब्ध आहे. मराठी व्यावसायिकांनी त्याचा विचार करायला हरकत नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो. आता वेबसाइट कोण पाहते? सगळे इन्स्टाग्रामवर आहेत, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर येते, मोठ्या बाजारपेठांच्या संकेतस्थळांवर नोंदणी केली की झाले. आक्षेपात तथ्य आहे. इंडियामार्ट आणि जस्टडायल १९९६ पासून लहान धंदेवाल्यांना गिऱ्हाईक जोडून देत आले. २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि गावोगावची माणसे समाजमाध्यमांवर पोहोचली. पैठणीचा पदर दाखवायला येवल्याच्या विणकराला रीलसारखे साधन नाही. ते सगळे जरूर वापरावे. पण ती दुसऱ्याच्या जागेतली पथारी आहे, हे विसरू नये.

२९ जून २०२० ला केंद्र सरकारने ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होते. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या कित्येकांनी तिथे जमवलेला लाखोंचा प्रेक्षक एका रात्रीत हातचा गेला. बंदी योग्य की अयोग्य हा प्रश्न वेगळा. ज्यांचा सगळा संबंध त्या एकाच जागेवर होता, त्यांच्या हाती गिऱ्हाइकाचा साधा पत्ताही उरला नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास बंद पडले तेव्हा जगभरच्या लहान दुकानांची दारे तेवढा वेळ बंद राहिली. आणि गुगलने आपल्या बिझनेस प्रोफाइलमधून फुकट करून दिलेल्या छोट्या वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद करून टाकल्या. ज्यांनी दुकानाच्या पाटीवर, पावतीवर, टेम्पोच्या मागे तो पत्ता रंगवला होता, त्यांना तो पुसावा लागला. फुकट मिळालेल्या जागेवर हक्क सांगता येत नाही.

मोठ्यांनीही हा धडा पैसे मोजून घेतला आहे. मे २०१५ मध्ये मिंत्राने आपली वेबसाइट बंद करून फक्त अ‍ॅपवर विक्री सुरू केली. फ्लिपकार्टनेही त्या वर्षी मोबाइलवरची वेबसाइट बंद केली होती. लोक अ‍ॅप उतरवून घेतीलच, असा हिशेब होता. फ्लिपकार्टने नोव्हेंबर २०१५ मध्ये मोबाइलसाठी हलकी वेबसाइट पुन्हा आणली आणि मिंत्राने २०१६ मध्ये आपली दारे परत उघडली. कोट्यवधी ग्राहक असलेल्या कंपन्यांना जे सोडून चालले नाही, ते इचलकरंजीच्या कापड व्यापाऱ्याला किंवा जळगावच्या केळी निर्यातदाराला सोडून कसे चालेल?

स्वतःची जागा म्हणताना ती खरोखर स्वतःच्या नावावर आहे का, हे मात्र तपासावे. वेबसाइट करून देणारा मुलगा डोमेन स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलने नोंदवतो, दोन वर्षांनी तो दुसऱ्या शहरात नोकरीला जातो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहते आणि एके सकाळी कंपनीचे नाव बाजारात विक्रीला निघते. जमिनीचा सातबारा कोणाच्या नावावर आहे हे पाहणारे आपले लोक इथे डोळे मिटतात. मोठ्यांकडूनही हे घडते. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट आपल्या एका डोमेनचे ३५ डॉलर भरायला विसरली आणि जगभरच्या हॉटमेल वापरणाऱ्यांना खाती उघडेनात. अखेर मायकेल चेनी नावाच्या एका प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून ते पैसे भरले. डोमेन, होस्टिंग आणि गुगलवरची नोंद या तिन्हींचे पासवर्ड मालकाच्या तिजोरीत असावेत, आणि नूतनीकरणाची तारीख विम्याच्या हप्त्यासारखी वहीत लिहिलेली असावी.

आता गल्ल्यावरच्या माणसाकडे येऊ. वरचे सगळे नीट केले, प्रश्नांची उत्तरे लिहिली, पान वेगाने उघडले, गिऱ्हाइकाने खाली दिलेला फॉर्म भरला, आणि पुढे काहीच झाले नाही, तर? ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ने २०११ मध्ये अमेरिकेतल्या २,२४१ कंपन्यांची पाहणी छापली. इंटरनेटवरून आलेल्या चौकशीला एका तासाच्या आत उत्तर देणाऱ्या कंपन्या ३७ टक्के निघाल्या. २३ टक्क्यांनी कधीच उत्तर दिले नाही. ज्यांनी तीस दिवसांत दिले, त्यांना सरासरी ४२ तास लागले. तासाभरात संपर्क करणाऱ्यांना निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाशी कामाचे बोलणे करता येण्याची शक्यता, एखाद्या तासाने उशीर करणाऱ्यांपेक्षा जवळजवळ सातपट होती. या आकड्यांचा अर्थ कोणत्याही दुकानदाराला सांगावा लागत नाही. दारात आलेल्याला ‘बसा, चहा घ्या’ म्हणणारा व्यापारी फॉर्म भरून आलेल्याला चार दिवस ताटकळत ठेवतो, कारण तो त्याला दिसत नाही.

म्हणून वेबसाइट कोणाकडून करून घ्यायची, यापेक्षा तिच्यावर कोण बसणार हे आधी ठरवायला हवे. दहा माणसांच्या कंपनीत ते काम एका माणसाला रोज अर्धा तास दिले तरी होते. सकाळी आलेल्या चौकश्या पाहायच्या, उत्तर द्यायचे, नवा प्रश्न आला असेल तर तो वहीत टिपायचा आणि आठवड्याला एका प्रश्नाचे उत्तर पानावर चढवायचे. वर्षात पन्नास उत्तरे होतात. लोक कोणते शब्द शोधून आपल्याकडे येतात ते गुगल सर्च कन्सोलमध्ये फुकट दिसते. त्या यादीतून पुढचा प्रश्न मिळतो. शोधयंत्रे आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे स्वतःच थोडक्यात उत्तर देऊ लागली आहेत आणि त्यामुळे भेटी घटतील अशी भीती आहे. ती रास्त आहे. पण ते उत्तरही कुठल्यातरी पानावरूनच उचलले जाते. ज्याचे पान नाही, त्याचे नाव त्यात येण्याचा प्रश्नच नाही.

कायद्याची बाजूही अनेकांना माहीत नसते. कंपनी कायद्याखालच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे वेबसाइट असलेल्या प्रत्येक नोंदणीकृत कंपनीला मुखपृष्ठावर आपले नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, कंपनी ओळख क्रमांक, दूरध्वनी, ईमेल आणि संपर्क साधायच्या माणसाचे नाव द्यावे लागते. ग्राहकांना थेट ऑनलाइन माल विकणाऱ्यांना २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचा तपशील द्यावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे. हे ओझे मानू नये. अनोळखी माणसाचा विश्वास ज्यावर बसतो, तेच कायद्याने मागितले आहे: तुम्ही कोण, कुठे बसता, आणि काही बिघडले तर कोणाला धरायचे.

जिल्हा उद्योग केंद्रे, औद्योगिक वसाहतींच्या संघटना, व्यापारी महासंघ दरवर्षी डिजिटल कार्यशाळा घेतात. तिथे बोलावलेला वक्ता नवनव्या अ‍ॅपची नावे सांगतो आणि जेवण होऊन सगळे घरी जातात. त्याऐवजी प्रत्येक सभासदाने आपले गिऱ्हाईक सर्वांत जास्त विचारते ते दहा प्रश्न लिहून आणावेत आणि संध्याकाळपर्यंत त्यांची उत्तरे मराठीत लिहून उठावे, अशी एक दिवसाची बैठक घेऊन पाहावी. कोल्हापूरच्या चप्पल लाइनने ती पहिल्यांदा घेतली तर फार बरे होईल, कारण जगाची नजर अजून तिकडे आहे.

आणि हा लेख वाचणाऱ्या प्रत्येक व्यावसायिकाला एक विनंती. आज रात्री ऑफिसचे वाय-फाय बंद करा, साध्या मोबाइल डेटावर स्वतःच्या कंपनीची वेबसाइट उघडा आणि किती वेळ लागतो ते मोजा. मग आपले नाव न सांगता, एखाद्या नातेवाइकाच्या फोनवरून, तिथला चौकशीचा फॉर्म भरा. आपल्याच कंपनीकडून उत्तर कधी येते, ते उद्या संध्याकाळपर्यंत पाहा.